पाळलेली वाळवी

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत सगळी मुंबई खांद्याला खांदा लावून चालत होती आणि लालबागच्या घोसाळकर चाळीत तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीपाशी मात्र दूधवाल्याखेरीज कोणी थांबत नव्हतं. ती खोली दमयंतीबाईंची. त्यांचे यजमान गिरणीत जॉबर, कामगारांवरचे मुकादम होते. ते गेले तेव्हा गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती, एवढी माणसं जमली. मग दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली आणि दमयंतीबाईंना पहिल्यांदाच कळलं की, आपल्या घरी येणारी सगळी माणसं त्यांच्याकडे येत होती, आपल्याकडे नव्हे.

वाईट कोणीच वागलं नाही. जाता-येता सगळे विचारत, "काय काकी, बरं ना?" फक्त उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे. पुरुषांना सभेला जायचं असे, बायकांना पाण्याला. मुलगा रामचंद्र रेल्वेत, भुसावळला. दमयंतीबाई स्टोव्हशी बोलत, तो भडकला की त्याला रागावत, आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की, आता काय करायचं ते त्यांना सुचत नसे.

अशात श्रावणात मालवणहून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर भावजयीने कोंबडी धाडली. सणानंतर कापून खा, असा निरोप होता. कोंबडी टोपलीतून उतरली, खोलीभर फिरली आणि भांड्यांच्या फळीखाली बसून जी बोलायला लागली ती थांबेचना.

वरच्या मजल्यावरच्या सुभद्राबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "काय गं, सणानंतर रस्सा का?"

"तिका कापूचा कसा?" दमयंतीबाई म्हणाल्या. "सकाळपासून बोलता ती माझ्याशी."

"अगं, ती खुडूक झालीय! अंड्यांवर बसवा म्हणून ओरडतेय."

"मगे? तेच बोलता ना."

मासळी घेऊन येणाऱ्या राधाबाईंच्या घरी, प्रभादेवीला, कोंबडा होता. त्यांच्याकडून अंडी आली. गणपती विसर्जनाच्या सुमारास टोपलीतून पिल्लं बाहेर पडली, पिवळी आणि करडी. आणि चमत्कार झाला. चाळीतली पोरं दाराशी आली. पोरांना शोधत आया आल्या. आया परत येईनात म्हणून सासवा आल्या. सुभद्राबाई तर तांदूळ निवडायचं सूप घेऊन येऊनच बसू लागल्या. "तुझ्या दारात उजेड बरा पडतो," असं त्या म्हणत. खरं तर त्या दारात उजेड कधीच पडत नसे. दमयंतीबाईंना दिवसाकाठी इतकं बोलावं लागे की त्यांचा घसा बसला. बसलेल्या घशाने त्यांनी देवाला नमस्कार केला.

पण थोड्याच दिवसांत पिल्लं मलूल झाली. पंख खाली पाडून उभी राहू लागली.

"भात घाल, पोळी कुस्कर," सुभद्राबाई म्हणाल्या.

"नुसत्या भातार पिलां वाढनत नाय. तेंका किडे व्हये. जिते."

हे दमयंतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या माहेरी पिल्लं निघाली की आई शेताच्या बांधावर मडकं पालथं घालायची. मडक्यात ओलं शेण, गवत, नारळाची सोडणं. दोन-चार दिवसांत आत वाळवी भरे. मडकं उचलून पिल्लांपुढे झटकायचं, की पिल्लं तांदळाच्या कण्यांसारखी ती टिपत. पण लालबागमध्ये बांध कुठला आणि वाळवी कुठली?

चाळीच्या मागे, गिरणीच्या भिंतीलगत, मातीचा एक लांबोडका पट्टा होता. तिथे राजारामभाऊंची बाग होती. राजारामभाऊ साताऱ्याकडचे, गिरणीच्या घडी खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारल्यावर त्यांनी वाल, मिरची आणि शेवंती लावली होती, आणि माणसांशी बोलण्यापेक्षा फवारणीच्या पिचकारीशी त्यांचं जास्त जमत असे. पिचकारीत डीडीटी. दिसला किडा की मार फवारा. तरी दर वर्षी वालावर मावा पडून शेंडे काळे व्हायचे.

दमयंतीबाई मागे गेल्या तेव्हा ते वालाच्या वेलावर पिचकारी मारत होते.

"राजारामभाऊ, ते लाल टिपक्यांचे किडे तरी मारू नकात. ते मावा खातत."

"किडा म्हंजी किडा, बाई. त्याची वळख कशाला ठेवायची?"

"वळख ठेवलास तर तो तुमचा काम करतलो."

"माझं काम मी करतो," राजारामभाऊ म्हणाले आणि त्यांनी लाल ठिपक्यांच्या एका किड्याला जवळून फवारा दिला. मग जरा वरमून म्हणाले, "तुमाला काय पायजे हुतं?"

"वाळवी."

राजारामभाऊंनी पिचकारी खाली ठेवली. त्यांच्या आयुष्यात वाळवी मागायला आलेलं हे पहिलंच माणूस. त्यांनी कोपऱ्यातला कुजका ओंडका दाखवला. "तो जाळणारच हुतो. न्या."

ओंडक्याची ढलपी दमयंतीबाईंनी मडक्यात घातली. तबेल्यातून शेण आणलं, गोणपाट भिजवलं, आणि मडकं कुठे ठेवावं याचा विचार करून जिन्याच्या मागे, ओलसर भिंतीशी पालथं घातलं. सावली, ओल, वर्दळ नाही. जागा अगदी मनासारखी होती. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे त्यांनी पाहिलं नाही. माहेरी मडक्यापलीकडे शेत असायचं. त्यामुळे वाळवी पिल्लांना काय देते ते त्यांना पाठ होतं. ती स्वतः काय खाते, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मडक्याला वाळवी छान लागली. पिल्लं तरारली, त्यांच्या पायांत जोर आला, दारातली सभा वाढली. दिवाळी आली तशी रामचंद्रने आईला भुसावळला बोलावलं. पिल्लं सुभद्राबाईंच्या हवाली करून दमयंतीबाई गेल्या. जाताना, पाहुण्याची सोय लावून जावं तसं मडकं पाण्याने गच्च भिजवलं आणि भोवती लाकडाच्या ढलप्या रचल्या. सुभद्राबाईंना मडक्याबद्दल मात्र सांगितलं नाही. त्या टापटिपीच्या होत्या, शेण-किड्यांचं ऐकून दाराशी यायच्या बंद झाल्या असत्या.

भुसावळला सून चांगली होती. ती सासूला कशालाच हात लावू देईना. "तुम्ही बसा, आई." दमयंतीबाई बसल्या. सकाळी बसल्या, दुपारी बसल्या, मालगाड्यांचे डबे मोजत बसल्या, आणि भाऊबीज होताच, पिल्लांची आबाळ होत असेल असं सांगून परतल्या.

त्या परतल्या त्याच दिवशी चाळीत धावपळ होती. दुसऱ्या दिवशी मोर्चा होता. चाळीतल्या समितीच्या पोरांचा म्होरक्या धोंडू, पंचविशीतला, आवाजाने दांडगा. त्याने जिन्याखालची खोली उघडली. गेल्या मोर्च्याचे फलक त्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेले होते. त्या भिंतीच्या पलीकडे मडकं होतं.

धोंडूने पहिल्या फलकाचा बांबू धरून उचलला. बांबू हातात आला, फलक जागेवर राहिला. दुसरा उचलला तर बांबूचा भुगा झाला. तिसऱ्या फलकाला हात लावला तेव्हा रंगाचा पातळ पापुद्रा तेवढा वर आला, आतला पुठ्ठा नव्हताच. त्यातल्या त्यात मोठा, फळीवर रंगवलेला फलक बरा वाटला म्हणून पोरांनी तो उजेडात आणला. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं त्यावर होतं. उजवीकडची बाजू खाल्ली गेली होती. उरलं होतं ते एवढंच: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला'.

"कोणी केलं हे?" धोंडू गरजला. चाळीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. "मोर्च्याच्या आदल्या दिवशी! हे सीआयडीचं काम आहे!"

"सीआयडी काय दातांनी कुरतडतो?" सुभद्राबाईंनी वरून विचारलं.

"ॲसिड टाकलं असेल, काकी! तुम्हांला नाय कळायचं. कोण परका माणूस आला होता का चाळीत?"

दुर्दैवाने त्याच वेळी विजेचं मीटर बघणारा माणूस जिन्याखालून वाकून बाहेर येत होता. हातात बॅटरी होती. पोरांनी त्याला बाकावर बसवलं, दोघं दोन बाजूंना बसले, आणि शिष्टाचार म्हणून चहा दिला.

"जिन्याखाली काय करत होतास रे?"

"मीटर तिथेच आहे हो!"

"बरोब्बर फलकांच्या खोलीशेजारीच मीटर कसं?"

"ते मी लावलेलं नाही!"

"मग कोणी लावलं? नाव सांग!"

त्या माणसाला रडू यायचं बाकी होतं. एवढ्यात राजारामभाऊ मागून आले. त्यांनी खोलीत डोकं घातलं, भिंतीवरून उतरलेली मातीची बारीक नळी नखाने फोडली, आणि त्यांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षं माव्याशी झुंजलेल्या माणसाला अखेर तोलामोलाचा शत्रू भेटला होता.

"सीआयडी न्हाई. वाळवी हाय! सोडा त्या पोराला."

"वाळवी? एवढी? कुठून आली?"

"कुटून का येईना. आता समद्या चाळीला धुऊन काडतो. जिना, भित्ती, मागचं अंगण. एक किडा जित्ता ठेवत न्हाई." आणि ते पिचकारी आणि पावडरचा डबा आणायला निघालेसुद्धा.

दमयंतीबाई आपल्या दारात उभ्या होत्या. पायाशी पिल्लं, आता वाढून तलंगा, कोवळ्या कोंबड्या झालेली, जिन्याच्या दिशेने निघाली होती. सकाळचं खाणं तिथे मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं. फवारलेली वाळवी त्या टिपणार, आणि संध्याकाळपर्यंत एकही उरणार नाही. खरं सांगितलं तर चाळ तलंगांना हाकलणार. गप्प राहिलं तरी त्या जाणार, सांगितलं तरी जाणार. तलंगा गेल्या की पुन्हा सगळे विचारतील, "काय काकी, बरं ना?" आणि पुढे निघून जातील.

राजारामभाऊ पिचकारी भरून आले तेव्हा दमयंतीबाई जिन्यापुढे आडव्या झाल्या.

"मारू नकात. ती माझी आसा."

"काय तुमची?"

"वाळवी."

धोंडू पुढे आला. "काकी, वाळवी सगळ्यांचीच असते. तुमची म्हणजे?"

"म्हणजे पाळलेली आसा. पिलांसाठी." आणि त्यांनी मागे जाऊन मडकं आणून सगळ्यांपुढे उलटं केलं. आत पांढरी वळवळ होती. वरच्या गॅलरीत सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काकी!" धोंडूचा आवाज चिरकला. "लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात! आम्ही सरकारशी लढतोय, आणि इकडे तुम्ही..."

"माका काय म्हायत पलीकडे तुमचो लढो आसा?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. बाकावरचा मीटरवाला सर्वांत मोठ्याने हसला आणि संधी साधून पसार झाला. धोंडू मात्र हसला नाही. तलंगांनी तोवर उपड्या मडक्यावर झडप घातली होती, आणि बघता बघता फरशी स्वच्छ झाली. राजारामभाऊ पिचकारी तशीच धरून बघत राहिले. इतक्या झपाट्याने किडे मरताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. फवारा नाही, वास नाही.

"धोंडू," ते म्हणाले, "पावडरनं भित्तीतली तेवढी मरंल, पर ह्या कोंबड्या सोडल्या तर माग काढत समदी टिपत्याल."

त्यावर चाळीच्या पुरुषमंडळींनी तिथेच उभ्याउभ्या निकाल दिला. मडकं लाकडापासून दूर, मागच्या अंगणात दगडावर न्यायचं. कोंबड्यांना रोज जिन्याखालच्या खोलीत सोडायचं. चाळीच्या हद्दीत वाळवी आहे तोवर कोंबड्या राहतील. वाळवी संपली की कोंबड्याही जातील. आणि संपली की नाही हे रोज संध्याकाळी राजारामभाऊ तपासतील, कारण चाळीत किड्यांचा त्यांच्याएवढा वैरी दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी नवे फलक करायला वेळ नव्हता. धोंडूने तो अर्धा खाल्लेला फलक तसाच धरला. भायखळ्यापर्यंत लोक त्याच्याकडे बोट दाखवून टाळ्या पिटत होते. घोसाळकर चाळीच्या पोरांची छाती केवढी, मागणी करत नाहीत, झालाच म्हणून सांगतात. धोंडू घरी आला तो अर्धाअधिक निवळूनच.

दमयंतीबाईंचं मात्र विचित्र झालं. वाळवी संपवायची ती त्यांनीच, आणि संपली की दार पुन्हा ओस. पण फसवणूक त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी मडक्याला पाणी घालणं बंद केलं. कोंबड्यांना रोज जिन्याखाली नेलं. भिंतीवरच्या मातीच्या नळ्या वाळल्या, गळून पडल्या. कोंबड्या हुंगून परत येऊ लागल्या.

संध्याकाळी राजारामभाऊ बॅटरी घेऊन येत. खोली बघत, जिना बघत, मागे जाऊन मडकं बघत. मग दमयंतीबाईंच्या उंबऱ्यापाशी टेकत. नुसतं कसं पाठवायचं, म्हणून चहा होई.

"वालाला मावा न्हाई औंदा," एकदा ते म्हणाले.

"पिचकारी मारलास नाय तर."

"कशी मारनार? तुमच्या कोंबड्या फिरत्यात तितं." घोटभर चहा पिऊन ते पुढे म्हणाले, "ते लाल टिपक्यांचे लई झाल्यात. मावा बकाबका खात्यात."

"म्हटलेलंय मी."

"व्हय. म्हनला हुता." आणि जरा वेळाने, "पर तुमच्या कोंबड्यांनी मिरचीची समदी रोपं उकरली, ते बी सांगून ठेवतो."

"ती अळ्यांसाठी उकरतत."

"अळी न्हाई आन् मिरचीबी न्हाई!"

दोघं हसले. मग धोंडू कामावरून येताना हाक मारी, "काय भाऊ, संपली का?"

"अजून हाय," राजारामभाऊ सांगत.

दमयंतीबाईंना नवल वाटे. त्यांच्या नजरेला तर जिन्याखाली काही दिसत नव्हतं, आणि मडकं एव्हाना खडखडीत वाळलं असणार. पण तपासणारे भाऊ, त्यांना जास्त दिसत असेल.

पौषात एकदा कोंबड्या मागे पळाल्या म्हणून त्या भल्या सकाळी अंगणात गेल्या. दगडावरचं मडकं ओलं होतं. कडेला नवं गोणपाट डोकावत होतं, ताजं शेण होतं, आणि मडक्यापुढे उकिडवे बसून राजारामभाऊ शेवंतीच्या झारीने त्यावर हळूहळू पाणी शिंपडत होते. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं, तसं.

"काय करतास, भाऊ?"

राजारामभाऊ दचकले. झारी मागे लपवायला गेले, तर धोतरावर पाणी सांडलं. त्यांनी मडक्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, शेवटी कोंबड्यांकडे पाहिलं.

"तपासतो," ते म्हणाले.

कोंबड्यांना हाकलत दमयंतीबाई परत फिरल्या आणि दोघांच्या अंदाजाने चहाचं आधण ठेवलं. सकाळचा चहा त्या दिवशी पहिल्यांदाच झाला.

पुढे साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीवर रोषणाई झाली, पेढे वाटले. धोंडूने राजारामभाऊंना पेढा देताना विचारलं, "भाऊ, महाराष्ट्र झाला. आता तरी वाळवी गेली का?" भाऊ पेढा खाऊन म्हणाले, "अजून हाय." धोंडूला तोवर कळलं होतं. त्याने पुन्हा कधी जिन्याखाली जाऊन पाहिलं नाही. पुढे तो गिरणीत जॉबर झाला, त्याचं लग्न झालं, आवाज जरा खाली आला. सुभद्राबाई मुलाबरोबर डोंबिवलीला राहायला गेल्या, आणि तिथे दारात उजेड चांगला असूनही त्यांना तांदूळ निवडताना करमत नसे. मीटर बघणाऱ्या त्या माणसाने बदली मागून घेतली म्हणे. निदान घोसाळकर चाळीत तरी तो पुन्हा दिसला नाही. रामचंद्र दर दिवाळीला आईला न्यायला येई, आणि आई दर वेळी सांगे की, कोंबड्यांना टाकून कशी येऊ.

राजारामभाऊ सहासष्ट साली, वाल काढणीला आले असताना गेले. निजले ते उठलेच नाहीत. साताऱ्याहून पुतण्या आला आणि सगळं उरकून गेला. दमयंतीबाईंकडे कोणी भेटायला आलं नाही. येण्याचं काही कारणही नव्हतं, त्या भाऊंच्या कोणी लागत नव्हत्या.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी धोंडूच गेला. दमयंतीबाई उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसल्या होत्या. खोलीत एकही कोंबडी नव्हती.

"कोंबड्या कुठे गेल्या, काकी?"

"प्रभादेवीच्या राधाबाईक दिलंय. तिच्याकडे जागा आसा."

"अहो, पण का? राहू द्यायच्या होत्या. कोणी काय म्हटलं का तुम्हांला?"

"कोण कशाक म्हणात?" दमयंतीबाई म्हणाल्या. "ठरलेलाच होता ना आपला. वाळवी संपली रे, धोंडू."